शंभर टक्के पास

१२ मे. कुरडयांचा चीक शिजवायचा दिवस. तीन दिवस भिजवलेला गहू काल वाटून गाळून झाला होता, चीक पातेल्याच्या तळाशी बसला होता, आणि ऊन चढायच्या आत सगळं गच्चीवर पडायला हवं होतं. अशा घाईच्या वेळी मदतीला आलेल्या शेजारच्या मंगलताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तोंडात कोरडी खारी कोंबून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर आमच्या वन्सं स्टॉपवॉच घेऊन उभ्या होत्या.

"पाणी न्हाय प्यायचं. चावा, चावा. चाळीस सेकंद झाली."

मंगलताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी चुलीकडं पाहिलं. यात आपण पडायचं नसतं.

"गिळली? तोंड उघडा. जीभ दावा. पास!"

"अहो वन्सं, त्या कुरडया घालायला आल्यात," मी म्हटलं.

"मग? घाल की. माझा नमुना झाला. आपल्या रगताचा नसलेला माणूस पण तपासावा लागतोय वैनी, त्याबिगर ताडून बगायचं कशाशी?"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कौसल्या. वय एकोणसाठ, लग्न झालेलं नाही, इंदापुरात एकट्या राहतात, आणि महिन्यातून दोनदा आमच्याकडं बारामतीला येतात. येताना पिशवीत एक डझन खारी असतात. त्या आम्हाला खाऊ म्हणून नसतात.

त्यांची नोकरी सांगितल्याशिवाय त्या कळायच्या नाहीत. लोणी देवकरला एमआयडीसीत एका कारखान्यात त्या बावीस वर्षं तपासणीला होत्या. पंपात बसतात तशा रबरी रिंगा तिथं तयार व्हायच्या. वन्सं त्या डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासायच्या. रिंग बोटांमधून एकदा फिरवायची; केसाएवढा काठ लागला की "रिजेक". चांगल्याला हिरवं स्टिकर, वाईटाला लाल, शंका असेल त्याला पिवळं, म्हणजे होल्ड. हा कायदा त्यांनी घरीही आणला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझी चकली रिजेक झाली होती आणि अनारसे पाडव्यापर्यंत होल्डवर होते. मी स्वतः कितव्या वर्षी पास झाले ते मला अजून सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी पास केलेली एक पेटी गिऱ्हाइकाकडून परत आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. वन्संनी आधी रबराला दोष दिला, मग हवेला, मग नव्या साहेबांना. शेवटी डोळे मिटून स्वतःच्या हातात रिंग घेतली, तर रिंग हातात आहे की पडली हेच कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं ओळखपत्र साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यावर लाल स्टिकर लावलं होतं.

आजाराचं नाव लांबलचक आहे, ते मी लिहीत नाही. मतलब एवढाच, की अंगाची जाणीव वाहून नेणाऱ्या नसांची मुळं मणक्याशेजारी असतात, ती मरत चालली आहेत. हातापायांत ताकद पूर्ण आहे. पण हात कुठं आहे, पाय कुठं पडला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. डोळे मिटले की त्यांची बोटं हवेत हार्मोनियम वाजवायला लागतात. चालताना त्या पायांकडं बघत, जमीन ठोकत चालतात. एकदा इंदापूरहून आल्या तेव्हा पायात एकच चप्पल. दुसरी कुठं सुटली याचा पत्ता नाही. मी ओरडले, तर म्हणाल्या, "एक तरी पोचली ना."

आणि बसत नाहीत. अजिबात. या खोलीतून त्या खोलीत, गच्चीवर, खाली, फाटकाशी. पाहुण्यांना घेरी येते. "जरा टेका की," म्हटलं तर म्हणतात, "टेकलं की पाट कुठं संपला आन् मी कुठं सुरू झाले ते कळंना. हालत असलं म्हंजे निदान मी हाय, हे दिसतंय तरी."

असा आजार झाला म्हणून रडत बसणं वन्संच्या स्वभावात नाही. त्यांनी कारण शोधायला घेतलं. माल खराब निघाला तर कारखान्यात कारण सापडेपर्यंत मशीन पुढं चालवत नाहीत, एवढंच त्यांना ठाऊक. मोबाईलवर वाचलं, न कळलेलं प्राजूकडून, म्हणजे माझ्या मुलीकडून, समजून घेतलं. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचल्या. त्या या आजाराचाच अभ्यास करतात. असा रुग्ण मुश्किलीनं मिळतो, त्यामुळं वन्संना पाहताच त्यांनी आनंदानं खुर्ची पुढं ओढली. आजारी माणूस बघून डॉक्टरनं इतकं खूश होऊ नये असं मला वाटलं. वन्संना मात्र ते फार आवडलं. त्यांना पाहून खुर्ची पुढं ओढणारं बऱ्याच वर्षांत कुणी नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच कधीकधी उलटते आणि आपल्याच नसांवर चाल करते. तसं इथं असू शकेल. हे वन्संना चटकन पटलं. एवढ्या चटकन, की त्यांनी त्या बाईंनाच गोष्ट सांगितली.

"आमच्या आज्ज्याचं वरकुट्याला मेंढरांचं खांड व्हतं. राखणीला काळं कुत्रं. लई इमानी. एक दिवस त्यानं आपल्याच कोकराचा गळा धरला. समदी म्हणली, पिसाळलं, मारा. आज्जा म्हणला, थांबा. आज्ज्यानं कोकराला हुंगलं. तर ते कोकरू आदल्या दिशी माळावर लांडगा बसला व्हता तितंच लोळून आलं व्हतं. त्याला लांडग्याचा वास. कुत्र्याचं काय चुकलं? त्यानं लांडगाच धरला. तसं माझ्या नसांना कशाचा वास लागलाय, ते बगायचं."

डॉक्टरीणबाई हे लिहून घेत होत्या. मी स्वतः पाहिलं.

तोंड आणि डोळे कोरडे पडणं हीसुद्धा याच उलटलेल्या राखणीची एक खूण असू शकते, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. तिथून खारी सुरू झाली: कोरडी खारी पाण्यावाचून गिळता आली तर तोंडाला लाळ आहे, म्हणजे पास. म्हातारपणानं, गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं, असं त्या पुढं म्हणाल्या होत्या. ते वन्संनी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात प्राजूला बघायला फलटणचे पाहुणे आले. मी पोहे केले होते, बर्फी आणली होती. मुलाची आई पदर सावरून बसतात न बसतात तोच वन्संनी त्यांच्यापुढं ताटली केली. ताटलीत एक खारी.

"घ्या. पाणी नंतर."

पाहुणीबाई भिडेखातर खायला लागल्या. वन्संनी कमरेचं स्टॉपवॉच काढलं. आमचे हे छताच्या पंख्याकडं बघत बसले. बाईंच्या घशात घास अडकला, त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला, आणि वन्संनी तो अलीकडं ओढला.

"एक मिनिट थांबा हो. अजून वेळ हाय."

मी तांब्या हिसकून घेतला. बाई घटाघट प्यायल्या.

"रिजेक," वन्सं हळहळून म्हणाल्या. "डोळं चुरचुरत्यात का तुमचं? तपासून घ्या."

झालं, म्हटलं, गेली सोयरीक. चौथ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. "लग्नाचं आपण बोलूच, पण आधी तुमच्या त्या नणंदेला द्या. माझे डोळे दोन वर्षं चुरचुरतात, घरात कुणी मनावर घेत नाही." अर्धा तास बोलत होत्या दोघी.

खारीपेक्षा मोठं काम कागदाचं होतं. घराण्यात आणखी कुणाला राखण उलटल्याचा आजार आहे का, हे डॉक्टरीणबाईंना हवं होतं. गळ्याच्या गाठी, वाकडे होणारे सांधे, अंगावरचे पांढरे डाग, असलं काही. नुसतं अभ्यासासाठी नाही. वन्संचा रक्ताचा रिपोर्ट काठावर आलाय, ओठाच्या आतला तुकडा काढून तपासला तोही काठावर. राखणीला वेसण घालणारं औषध आहे, पण ते कडक. एकदा दिलं की साधा तापही जड जातो. म्हणून खात्रीशिवाय देता येत नाही. घराण्यात तसलं काही पक्कं निघालं तर पारडं औषधाकडं झुकेल. आणि घाई करा, म्हणाल्या. मेलेल्या नसा परत येत नाहीत, उरल्यात त्या वाचवायच्या. वन्संच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट अजून थोडं शाबूत आहे. बस, एवढंच.

वन्संनी चार जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून घराण्याचं झाड काढलं. त्रेचाळीस माणसं. कारखान्याची स्टिकरं आता मिळत नाहीत म्हणून कासाराकडून टिकल्यांची पाकिटं आणली. निरोगी माणसाला हिरवी टिकली, आजार असेल त्याला लाल, शंका असेल तर पिवळी. आणि निघाल्या गावोगाव.

वरकुट्याला तात्यांकडं, म्हणजे आमच्या चुलतसासऱ्यांकडं, मीच त्यांना घेऊन गेले होते.

"तात्या, आपल्यात कुणाला अंगावर पांढरं, गळ्याची गाठ, सांधं?"

"आपल्यात? असलं काय नसतंय आपल्यात. आपलं रगात शुद्ध हाय."

"मग तुमची बोटं आल्याच्या गड्ड्यावानी कशी झालीत?"

"म्हशी बांधून बांधून. तू बांध, तुझी पण व्हतील."

"आन् माझ्या आईच्या हातावरचा डाग?"

"भाजलेला. किती डाव सांगू? चुलीवरचं तेल सांडलं व्हतं." मग आवाज खाली आणून तात्या म्हणाले, "कौसे, नातीची सोयरीक चाललीय. ही टिकल्यांची भानगड घिऊन गावात हिंडू नगंस. लोक कागद न्हाय वाचत, रंग वाचत्यात."

वन्संनी तात्यांना पिवळी टिकली लावली, आईला पिवळी लावली, आणि निघाल्या. सणसरला तेच, इंदापुरात तेच. ज्याच्या घरात लग्नाचं पोर, त्याच्या घरात कुणाला साधी सर्दीसुद्धा कधी झाली नव्हती. महिन्याभरात कागद हिरवागार झाला, उसाच्या फडासारखा. वन्सं त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "शंभर टक्के पास झालेला लॉट म्हंजे कुणी तपासलाच न्हाय."

माझ्या घरापुरतं मी सांगितलं होतं, सगळे ठणठणीत. ते खोटं होतं, हे इथंच सांगून टाकते. प्राजूच्या कानामागं रुपयाएवढा पांढरा डाग आहे. दोन वर्षं सोलापूरला उपचार चालू आहेत. सोलापूर अशासाठी, की बारामतीत दवाखान्याच्या बाकावर कोण शेजारी येऊन बसेल सांगता येत नाही. मी शाळेच्या कार्यालयात वीस वर्षं दाखले लिहिते. कुठल्या रकान्यातली गोष्ट पुढं माणसाला कशी नडते ते मला चांगलं ठाऊक आहे. फलटणचं जमत आलं होतं. मी गप्प राहिले. वन्संनी मला तीनदा विचारलं, तीनदा मी "काही नाही" म्हटलं, आणि प्राजूच्या नावावर हिरवी टिकली बसली.

तर बारा मे. उद्या अकराच्या एसटीनं वन्सं कागद घेऊन पुण्याला जाणार होत्या. चीक शिजत आला होता, मी घोटत होते, मंगलताई गच्चीवर प्लास्टिक अंथरायला गेल्या. वन्सं नेहमीप्रमाणं येरझाऱ्या घालत सूचना देत होत्या: मीठ कमी, जाळ जास्त, हिंग होल्ड. मी सोऱ्या शोधायला वळले. परत वळून बघते तर पातेलं सरकू नये म्हणून वन्संनी डाव्या हातानं त्याचा काठ धरलेला. उघड्या हातानं. आणि तोंडानं मला सांगतायत, "घोट की, खाली लागंल."

मी हात ओढून काढला. तळवा लाल झाला होता. थंड पाण्याखाली धरला, खूप वेळ धरला. मी शिव्या देत होते, त्या शांत उभ्या होत्या. हात जणू शेजारणीचा.

"चीक बग वैनी. करपंल."

"जळू दे चीक."

मलम लावायला घेतलं तशा त्या तळव्याकडं नेहमीसारख्या रोखून बघायला लागल्या.

"आता हितं खरा भाजल्याचा डाग पडंल," त्या म्हणाल्या. "खडबडीत. वळकटलेला. आईचा तसा नव्हता."

मी मान वर केली नाही.

"ल्हानपणी तिचा हात धरूनच झोपायची मी. बोटं चांगली व्हती तवा माझी. डाग नुसता गुळगुळीत, दुधाच्या सायीवानी. कातडीत आन् डागात काठ लागायचा न्हाय. भाजल्यालं असं नसतंय. मला बघायला तीन ठिकाणची लोकं आली. चहाचा कप द्यायला आई पुढं झाली की त्यांची नजर तिच्या हातावर. तिन्ही ठिकाणी रिजेक. चौथ्याला मीच नगं म्हणलं. पण कागदावर काय लिवणार? डाक्टरला कधी दाखवलं न्हाय. समदी म्हणत्यात भाजलं. म्हणून पिवळी."

"हं," मी म्हटलं.

"घरात आनखी एक पक्की लाल असती तर आईची पिवळी आपोआप लाल झाली असती. आज्जीची आन् नातीची एकच खूण. बाई म्हणल्या, दोन पिढ्या लागल्या तर लई झालं."

माझा हात थांबला. आज्जीची आणि नातीची.

"प्राजूच्या कानामागचं मला दोन वर्सं ठावं हाय वैनी. दिवाळीला तिच्या डोक्याला तेल मीच लावते की. हाताला कळत न्हाय, म्हणून बोटं कुठं चाललीत ते डोळं फाडून बगावं लागतंय. कुणाला न्हाय दिसलं, मला दिसलं."

"मग मला तीनदा का विचारलंत?"

"तू सांगतीस का बगायला."

"आणि मी खोटं बोलल्यावर हिरवी लावलीत? तुम्ही?"

बावीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून एकही चुकीचं स्टिकर लावलं नव्हतं. साहेबाच्या भाच्याचा मालसुद्धा परत पाठवला होता.

"लॉट गेला तर जाऊ दे," वन्सं म्हणाल्या. "पोरगी रिजेक व्हायला नगं." आणि मलम वाळायच्या आत उठून जिन्याकडं निघाल्या, पायांकडं बघत, पायऱ्या ठोकत. वरून त्यांचा आवाज आला, "मंगलताई, प्लास्टिक तिरकं अंथरलंय. रिजेक!"

चीक थोडा करपलाच होता. वरचा वरचा काढून आम्ही कुरडया घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गच्चीवर जाऊन मी कुरडया उलटल्या. खाली आले, प्राजूला उठवलं आणि सगळं सांगितलं.

ती अंथरुणातच बसून म्हणाली, "लाव की लाल. डाग माझा, लग्न माझं. आणि सोलापूरची फाइल दे सोबत. कागद असल्याशिवाय आत्या मानायची नाही."

सव्वासातला मी फलटणला फोन लावला. मुलाच्या आईला दोन वाक्यांत सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ह्यांच्याशी बोलून कळवते." "कळवा," म्हटलं आणि ठेवला.

वन्सं अंगणात फेऱ्या मारत होत्या. मी त्यांच्या पिशवीतून कागद काढला, टेबलावर पसरला, नखानं प्राजूची हिरवी टिकली खरवडून काढली आणि लाल लावली. मग सासूबाईंची पिवळी काढली. तिथंही लाल. फाइल शेजारी ठेवली आणि हाक मारली.

वन्सं आल्या. कागदाकडं बघितलं, फाइल उघडून पहिलं पान वाचलं, मिटली. माझ्याकडं काही बघितलं नाही. मग भिंतीला खांदा टेकवून डोळे मिटून घेतले. पट्टी बांधलेल्या डाव्या हाताची बोटं हवेत वाजायला लागली. मी त्यांचा उजवा हात धरून कागदावर नेला, तसा त्यांनी अंगठा प्राजूच्या टिकलीवरून एकदा फिरवला. हळू, रिंग फिरवावी तसा.

"काठ उचललाय," त्या म्हणाल्या. "रिजेक."

मी वाकून बघितलं. उचललेला होता, केसाएवढा.

मी तो दाबला. पक्का बसेपर्यंत दाबून धरला. मग त्यांची पिशवी उचलली, माझीही भरली, आणि अकराच्या एसटीला आम्ही दोघी गेलो.